साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे

शुक्रवारी सकाळी घोडेगावात शिरायचं तर पिकअप आणि छोटा हत्तींच्या रांगेतून वाट काढावी लागते. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं हे नेवासा तालुक्यातलं गाव. कांद्याचं मार्केट, म्हशींचा बाजार आणि शनिशिंगणापूरकडे वळणारा रस्ता या तीन गोष्टींमुळे बाहेरच्यांना ते माहीत असतं. शुक्रवार जनावरांचा. गिऱ्हाईक आधी लांबून बघतं, मग जवळ जाऊन दात बघतं, कासेला हात लावतं, कितव्या वेताची ते विचारतं. मग दलाल दोघांना बाजूला घेतो. जुन्या वळणाचे व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. हातावर इसाराच्या नोटा पडतात, "दहा लिटरच्या बोलीवर" असं तोंडी ठरतं आणि म्हैस गाडीत चढते.

कागद कुठेच नाही. तरीही १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या लेखी तिथे एक पुरा करार झालेला असतो. एकाने भाव सांगितला, तो प्रस्ताव. दुसऱ्याने बोट दाबलं, तो स्वीकार. पैसे आणि म्हैस ही एकमेकांना द्यायची वस्तू, तिला कायदा 'प्रतिफल' म्हणतो. दोघं सज्ञान आणि शुद्धीवर असले, कोणी कोणाला धाक घातला नसला, सौदा बेकायदा नसला, की झालं. स्टॅम्पपेपर नसेल तर करारच नाही, हा समज खोटा आहे. तोंडी करार कायद्याला चालतो. कोर्टात अडतं ते करारावर नाही, पुराव्यावर. दलाल साक्षीला येईल का, आणि आला तर कोणाच्या बाजूने बोलेल, एवढाच प्रश्न उरतो.

आता समजा, घरी आल्यावर म्हैस सहाच लिटर देते. दोन दिवस दूध तुंबवून कास भरलेली दाखवली होती, हे उशिरा लक्षात येतं. गिऱ्हाईक तावातावाने पोलीस ठाण्यात जातो. तिथे ऐकायला मिळतं, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा."

कायद्याशी सामान्य माणसाची पहिली ठेच बहुधा याच वाक्याला लागते. मौज अशी, की अवघड शब्दांपाशी माणसं सावध असतात, विचारून घेतात. ठेच लागते ती रोजच्या वापरातल्या शब्दांना. दिवाणी-फौजदारी, तक्रार-फिर्याद, सातबारा-मालकी, साठेखत-खरेदीखत, वारस-नॉमिनी, जामीन-सुटका या जोड्यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी सर्रास बोलला जातो. पारावर तो खपतो. कोर्टात त्याच गल्लतीपायी दहा-पंधरा वर्षं आणि एखादा एकर खर्ची पडतो.

पहिली जोडी जुनी आहे. दिवाण म्हणजे महसूल आणि हिशेब पाहणारा अधिकारी, फौजदार म्हणजे बंदोबस्त ठेवणारा. मुसलमानी राजवटीतले हे दोन हुद्दे गेले, त्यांच्या नावाची दोन कोर्टं राहिली. देण्याघेण्याचा, जमिनीचा, वाटणीचा वाद तो दिवाणी. तिथे हक्क ठरतो, भरपाई मिळते, शिक्षा म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. समाजाविरुद्धचा गुन्हा तो फौजदारी, आणि तो खटला सरकार चालवतं. म्हणूनच गुन्ह्यात मार खाल्लेला माणूस वादी नसतो, फिर्यादी असतो. दिवाणीत जास्त संभव कोणाच्या बाजूने आहे ते बघतात, फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. 'संशयाचा फायदा' हा वर्तमानपत्री शब्द तिथून आलेला आहे.

म्हशीचं प्रकरण या दोहोंच्या बांधावर उभं आहे. १९३० चा मालविक्री कायदा म्हणतो, विकणाऱ्याने विशिष्ट हमी दिली आणि ती खोटी निघाली तर भरपाई मागता येते. बाजारात तिलाच 'बोली' म्हणतात. हमी न देता 'आहे तशी' विकली, तर डोळे उघडे ठेवणं गिऱ्हाइकाच्या माथी. या झाल्या दिवाणी बाजू. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी पहिल्यापासून लबाडीचा हेतू असावा लागतो. शब्द पाळता आला नाही हा करारभंग. शब्द दिला तोच फसवण्यासाठी, ही फसवणूक. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक पुन्हा पुन्हा सांगितला आहे. तेव्हा ठाणे अंमलदार "दिवाणी आहे" म्हणतो, तेव्हा तो दर वेळी टाळतच असतो असं नाही. मात्र पुष्कळदा टाळतोही. दूध तुंबवून कास फुगवली असेल आणि ते दाखवता येत असेल, तर हेतू सुरुवातीपासूनचा होता असं म्हणायला जागा आहे.

जाता जाता, फसवणाऱ्याला 'चारसोबीस' म्हणायची सोय आता कायद्याने ठेवलेली नाही. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, खुनाचं ३०२ चं १०३. बोलण्यातून चारसोबीस इतक्यात जाईल असं दिसत नाही.

कांद्याच्या पट्टीत वेगळाच पेच असतो. लिलाव झाला, वजन झालं, हिशोबपट्टी हातात पडली, आणि रोख नाही म्हणून व्यापाऱ्याने पुढच्या तारखेचा चेक दिला. चेक बँकेतून परत आला, की शेतकरी व्यापाऱ्याच्या गाळ्यावर खेपा घालतो. "पुढच्या आठवड्यात नक्की" हे ऐकून परततो. इथे कायद्याचं घड्याळ चालू झालेलं असतं. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या १३८ कलमाखाली, चेक न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. तेही गेले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबून पस्तीस दिवस काढले, आणि मुदतीत तो चेक पुन्हा बँकेत भरून पाहिला नाही, तर हे हत्यार बोथट होतं. मग उरतो तीन वर्षांच्या मुदतीतला दिवाणी दावा. कोरा चेक सही करून 'सिक्युरिटी' म्हणून देणाऱ्यांनी हेच कलम उलट्या बाजूनेही वाचावं.

पोलीस ठाण्यातली दुसरी जोडी तक्रार आणि फिर्याद. फिर्याद हा फारसी शब्द, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. गुन्हा दखलपात्र असेल, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येईल असा असेल, तर पोलिसांना ती हाक नोंदवून घ्यावीच लागते. तोच एफआयआर. २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हे बंधनकारक ठरवलं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने, आणखी एक दार उघडलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. गुन्हा अदखलपात्र असेल, उदाहरणार्थ नुसती शिवीगाळ, तर ठाण्यात फक्त नोंद होते, तिला सगळे 'एनसी' म्हणतात. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. बांधावरच्या भांडणात "केस केली आहे" म्हणून मिरवणाऱ्याच्या खिशात पुष्कळदा एनसीचीच पावती असते. ठाण्याने दखलपात्र गुन्हाही नोंदवला नाही, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, त्यापुढे दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं.

खरं रान मात्र जमिनीच्या शब्दांचं. नेवाशाच्या कोर्टात वीस माणसं बसली असतील, तर त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत सातबारा असतो.

सातबारा हा एक कागद दिसतो, आहे दोन नमुन्यांचा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, क्षेत्र किती, साऱ्याचा आकार किती, इतर हक्क कोणाचे. गाव नमुना बारा म्हणजे त्यात पीक काय. ज्याचं नाव सातबाऱ्यावर तो मालक, असं गावात शपथेवर सांगितलं जातं. कायदा इतकं म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावं म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असं सर्वोच्च न्यायालय किती तरी निकालांत सांगत आलं आहे. मालकी येते खरेदीखतातून, वारशातून, वाटपातून, बक्षीसपत्रातून. सातबारा तिची सावली. ऊन फिरलं की सावली हलते, हे ज्याने एकदा फेरफाराच्या नोटिशीकडे दुर्लक्ष केलं त्याला विचारावं. नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते. त्या पंधरा दिवसांत गप्प बसलेला माणूस पुढे पंधरा वर्षं अपिलात बोलत असतो.

ताबा आणि मालकी यांचीही अशीच गल्लत. "बारा वर्षं कसली की जमीन आपली" हे वाक्य पारावर मोठ्या आत्मविश्वासाने फेकलं जातं. त्यात निम्मं खरं आहे. मूळ मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, खंड न पडता बारा वर्षं ताबा ठेवला तर मुदतीच्या कायद्याने मालकाचा दावा बुडू शकतो. पण भावाने भावाला कसायला दिलेली, वाट्याने लावलेली, राखायला ठेवलेली जमीन परवानगीची असते. परवानगीचा ताबा पन्नास वर्षांनीही परवानगीचाच.

आणि आता शीर्षकातली जोडी. दोन्ही दस्त स्टॅम्पवर, दोन्हींवर सह्या आणि अंगठे, दोन्हींत चतुःसीमा, दोन्हींत रक्कम. फरक पहिल्या ओळीतल्या एका शब्दाचा. साठेखत म्हणजे अमुक अटींवर पुढे विकण्याचा करार. खरेदीखत म्हणजे विकली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं, विक्रीच्या कराराने त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. हातात फक्त 'आता खरेदीखत करून दे' असं म्हणण्याचा अधिकार येतो. तो वापरायचा दावा, वकिलांच्या भाषेत विशिष्ट पूर्ततेचा, तीन वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. साठेखतात खरेदीची तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून.

अशा प्रकरणाची चाल ठरलेली असते. नव्वद टक्के रक्कम दिली, ताबा घेतला, विहीर खोदली, पाइपलाइन टाकली. खरेदीखत राहिलं, कारण मोजणी बाकी होती, किंवा सोसायटीचा बोजा उतरायचा होता, किंवा जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, निघाली. दरम्यान रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव चढले. मालक वारला. त्याच्या मुलांना साठेखत आठवेना. ताबा दिलेल्या साठेखताला महाराष्ट्रात खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो, तो भरलेला नाही म्हणून दस्त पुराव्यात घेतानाच अडतो. खरेदीदार एकच पालुपद धरून असतो, "मी तर घेतलेली आहे." त्याने घेतलेली नसते, घ्यायचं ठरवलेलं असतं.

कुलमुखत्यारपत्राचं दुखणंही याच जातीचं. 'पॉवर' लिहून घेतली म्हणजे जमीन आपली झाली, असा समज शहरांतही फोफावला होता. २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. कुलमुखत्यार म्हणजे मालकाच्या वतीने सही करणारा हात. हात मालक होत नाही.

नोंदणी का करायची, याचं उत्तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवलीच पाहिजे. पण याहून सुंदर उत्तर घोडेगावच्याच तालुक्यात दगडावर कोरलेलं आहे. नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, तो पैस खांब लोक देव म्हणून पूजतात. त्यावरचा लेख म्हणजे एक दानाची नोंद आहे, देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या देणगीची. देणारा कोण, कशासाठी, किती. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतल्या दस्तालाही याहून वेगळं काही लागत नाही. फक्त दगड हरवत नाही, आणि त्यावर मागची तारीख टाकता येत नाही.

सातबाऱ्यावर एक रकाना असतो, 'इतर हक्क'. सोसायटीचा, बँकेचा बोजा तिथे चढतो. कित्येक सातबाऱ्यांवर त्याच रकान्यात बहिणींची नावंही असतात. बाप वारला, भावांची नावं मालकाच्या रकान्यात लागली आणि बहिणी कर्जाच्या शेजारी जाऊन बसल्या. वर्षानुवर्षं हे इतक्या सहज होत आलं, की कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण त्या वेळी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलासुरला घोळही मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. आधीच कायदेशीर वाटप होऊन गेलं असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून 'हक्कसोड' या शब्दापाशी थांबायला हवं. वारस नोंद आणि हक्कसोड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वडील गेल्यावर वारसांची नावं लागण्यासाठी कोणाला काही सोडावं लागत नाही. हक्कसोडपत्र म्हणजे सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदारासाठी सोडून देणं. ते नोंदणीकृत असावं लागतं, स्वखुशीने असावं लागतं. भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी आणि जेवणानंतर "ताई, वारसाच्या नोंदीसाठी सही लागतेय" असं म्हणून पुढे केलेला कागद पहिल्या ओळीपासून वाचावा. मथळा 'हक्कसोडपत्र' असला तर ती वारसाची सही नाही. सोडायचा असेल तर ताईने जरूर सोडावा, तिचा आहे म्हणूनच तिला सोडता येतो. पण सोडते आहे हे तिला ठाऊक तरी असावं.

बँकेतल्या पैशांची गल्लत नॉमिनीवरून होते. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक होणारा नव्हे. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलचा प्रश्न सुटला तो एका मराठी घरातल्या वादातून. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांचं मृत्युपत्र होतं आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमलेले होते. मृत्युपत्राप्रमाणे जायचं की नॉमिनीप्रमाणे, हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला. नामनिर्देशनाने वारसाहक्काचा कायदा बाजूला सारता येत नाही. साऱ्या महाराष्ट्राच्या भिंतीवर तारखा टांगणाऱ्या माणसाच्या घरालाही कोर्टाच्या तारखा चुकल्या नाहीत.

फौजदारीतली अशीच एक जोडी शेजारच्या गावात सापडते. घोडेगावातून शनिशिंगणापूर पाच-सहा किलोमीटर. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून जगभर गाजलेलं. २०११ मध्ये युको बँकेने तिथे 'कुलूप नसलेली' शाखा काढली त्याच्या बातम्या झाल्या. कायद्याच्या अभ्यासकाला मात्र इथे वेगळीच गंमत दिसावी. चोरी आणि घरफोडी हे एक नाहीत. वस्तू संमतीशिवाय लबाडीने हलवली की चोरी. घरफोडीसाठी आत शिरण्याचा प्रकार बघतात. कुलूप तोडून, भिंतीला भोक पाडून, माणसाने जाण्यासाठी नसलेल्या वाटेने, मारहाण करून. ज्या घराला दारच नाही त्यात उंबरा ओलांडून सरळ चालत गेलेला चोर काय फोडतो? घरफोडी नाही. पण राहत्या घरातली चोरी मात्र होतेच, आणि तिची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, साध्या चोरीच्या तीन वर्षांच्या दुपटीहून जास्त. दार नसलं तरी कायद्याच्या लेखी ते घरच राहतं.

याच गावाने महाराष्ट्राला 'जनहित याचिका' हा शब्द उदाहरणासकट शिकवला. शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी होती. स्त्रीवादी कार्यकर्त्या विद्या बाळ आणि ज्येष्ठ वकील नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. एरवी कोर्ट विचारतं, तुमचं काय नुकसान झालं? जनहित याचिकेत सार्वजनिक हिताचा प्रश्न मांडणाऱ्या कोणालाही दार उघडं असतं. न्यायालयाने नवा कायदा केला नाही. १९५६ चा, हिंदू सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा महाराष्ट्राचाच कायदा कपाटात होता, प्रवेश अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगणारा. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सरकारला त्याची अंमलबजावणी करायला सांगितलं, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. साठ वर्षं कायदा होता, पाळायला लावणारं कोणी नव्हतं.

कोर्टात पाऊल टाकलं की शब्द पुन्हा फारसी वळणाचे होतात. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी कचेरीची जीभ पुरती वळली नाही. वादी दावा लावतो, प्रतिवादी 'कैफियत' देतो, रोज काय झालं ते 'रोजनाम्यात' लिहितात. कोर्टाला काही कळवायचं तर 'पुरसीस' द्यायची. निकाल लागला की 'हुकूमनामा', आणि तो अमलात आणायला पुन्हा 'दरखास्त'. या शेवटच्या शब्दाने अनेकांचा घात केला आहे. दावा जिंकला म्हणजे जमीन मिळाली असं समजून पेढे वाटले जातात, दरखास्तीला आणखी वर्षं जातात. दुसरी चूक त्याहून बाळबोध. समन्स घेतलंच नाही तर केस होणार नाही, अशी काहींची पक्की खात्री असते. नाकारलेलं समन्स बजावलेलंच धरतात, आणि ठरल्या मुदतीत, साधारण तीस दिवसांत, कैफियत आली नाही तर दावा एकतर्फी चालू शकतो. 'स्टे' मिळाला म्हणजेही जिंकलो नव्हे. तात्पुरता मनाई हुकूम म्हणजे निकाल लागेपर्यंत आहे तसं राहू द्या, एवढंच.

फौजदारीकडे 'जामीन' हा शब्द तर आपण पार उलटा वापरतो. जामीन म्हणजे मुळात हमी घेऊन उभा राहणारा माणूस. आरोपी तारखेला हजर राहील, याची हमी. ग्रामीण कोर्टात या जामीनदाराची ऐपत दाखवायला सातबाराच पुढे करतात. जामीन झाला याचा अर्थ आरोप गेला असा नाही, आणि नाकारला याचा अर्थ गुन्हा शाबीत झाला असाही नाही. आरोपी आणि दोषी यांच्यामध्ये अख्खा खटला असतो. दोषारोपपत्रही पोलिसांनी कोर्टापुढे मांडलेलं म्हणणंच असतं, निकाल नसतो. खटला उभा राहण्याजोगंच काही नसेल तर आरोपी आधीच दोषमुक्त होतो, पुरावा होऊन सुटला तर निर्दोष मुक्तता. पण निर्दोष सुटला म्हणजे काही घडलंच नव्हतं, असंही कोर्ट दर वेळी म्हणत नाही. २०१४ मध्ये याच जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. फितूर होणं म्हणजे पोलिसांपुढे सांगितलेलं कोर्टात नाकारणं. मुलगा मेला होता, हे कोणीच नाकारलं नव्हतं.

कोर्टाचे शब्द फारसी वळणाचे असले, तरी १९९८ पासून तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा अधिकृतपणे मराठी आहे. अर्ज, कैफियत, साक्ष मराठीत देता येते. निकाल मराठीत मागायला लाजायचं कारण नाही.

आणि वाद तडजोडीजोगा असेल तर लोकअदालतीत नेता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही, हे सही करण्याआधी दोनदा ऐकून घ्यावं. याच कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, नाही तर १५१०० या क्रमांकावर फोन लावायचा. फोन लावण्याआधी हातातल्या कागदाचा मथळा वाचून ठेवावा. पलीकडचा माणूस पहिल्यांदा तोच विचारेल.